नवा गुग्गुळ, जुना गुग्गुळ

काशीत गेलेल्या मराठी माणसाला आपली माणसं शोधायची असली तर तो ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत शिरतो, आणि आपला इतिहास पाहायचा असला तर दशाश्वमेधाच्या दक्षिणेला येतो. तिथे शीतला घाट आणि मुन्शी घाट यांच्यामध्ये अहिल्याबाई घाट आहे. पूर्वी त्याचं नाव केवलगिरी घाट होतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात होळकरांच्या अहिल्याबाईंनी तो बांधून काढला आणि त्याला त्यांचंच नाव पडलं. विश्वनाथाचं आजचं देऊळही त्यांनीच १७८० च्या सुमारास उभं केलं. महाराष्ट्र आणि काशी यांचं नातं आपण असं दगडात मोजतो: घाट, देऊळ, वाडा, अन्नछत्र. गागाभट्टांसारख्या पंडितांची नावं त्यानंतर येतात.

मला मात्र इथे एका डिंकाची हकिगत सांगायची आहे. घाटांवर संध्याकाळी जो धूप जळतो त्यातला एक जुना घटक म्हणजे गुग्गुळ. अहिल्याबाई घाटापासून साधारण पाच किलोमीटर दक्षिणेला काशी हिंदू विश्वविद्यालयाचं आवार आहे. तिथे १९६० च्या दशकात हाच गुग्गुळ सशांना खाऊ घातला गेला, त्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं का हे पाहण्यासाठी. त्या प्रयोगातून निघालेलं औषध लखनौ, पुणे, नागपूर, मुंबई करत थेट अमेरिकेत पोचलं. ते शरीरात काय करतं याचं उत्तर या प्रवासात तीन वेळा सापडलं. ते खरोखर काही करतं का, हा प्रश्न सर्वांत शेवटी नीट विचारला गेला. ही उलटापालट कशी झाली, हे पाहण्यासारखं आहे.

सुरुवात काशीत होणं योगायोग नव्हता. सुश्रुतसंहितेची चौकटच काशीची आहे. काशिराज दिवोदास, ज्याला ग्रंथ धन्वंतरी म्हणतो, तो सुश्रुताला आणि त्याच्या सहाध्यायांना शिकवतो आहे, अशी ती रचना. शल्यतंत्रासाठी आपण या ग्रंथाचं नाव घेतो. कापलेलं नाक जोडण्याची कृती सगळ्यांना ठाऊक असते. सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायाकडे फारसं कोणी वळत नाही. तिथे स्थूल माणसाचं वर्णन आहे. कफ वाढवणारं खाणं, आधीचं पचलेलं नसताना पुन्हा खाणं, व्यायाम नाही, दुपारची झोप. अशा माणसाच्या शरीरात अन्नरस कच्चाच राहतो, तो गोड आणि स्निग्ध होऊन अंगभर फिरतो आणि मेद वाढवतो. थोड्या श्रमाने धाप लागते, तहान-भूक-झोप आवरत नाही, घाम येतो. मग मेदाने आणि कफाने स्रोतसं, म्हणजे शरीरातले मार्ग, अडतात. बाकीच्या धातूंना पोषण पोचत नाही आणि माणसाचं आयुष्य आखूड होतं.

यावरचा उपाय म्हणून ग्रंथ एक लांबलचक यादी देतो. शिलाजित, गुग्गुळ, गोमूत्र, त्रिफळा, लोहाचं चूर्ण, रसांजन, मध, सातू, मूग, कोद्रा, सावे, शिवाय व्यायाम आणि खरवडून काढणारा बस्ती. गुग्गुळ या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आहे. यादीची ही लांबी लक्षात ठेवावी, पुढे ती उपयोगी पडणार आहे.

हा ग्रंथ आज ज्या रूपात अभ्यासक वाचतात ते रूप त्याला मुंबईत मिळालं. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादित केलेली सुश्रुतसंहिता डल्हणाच्या टीकेसह छापली. १९३८ ची तिची आवृत्ती अजून प्रमाण मानली जाते, आणि तिची पुनर्मुद्रणं पुढे काशीच्याच प्रकाशकांनी केली. काशीत शिकवलेला ग्रंथ मुंबईत जुळवला गेला आणि छापील पुस्तक होऊन काशीला परतला.

त्या काळी विश्वविद्यालयात गुग्गुळाचा प्रश्न हाती घेतला तो डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी. पुढे, १९९० च्या दशकात, त्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या महासंचालक झाल्या. आयुर्वेदाच्या पदव्युत्तर पदवीसाठी त्यांनी १९६६ साली जो प्रबंध सादर केला त्याचा विषय होता स्निग्ध पदार्थांच्या चयापचयातले बिघाड, त्यातही धमनीकाठिण्य आणि मेदोरोग, आणि त्यांवर एका देशी औषधाचा परिणाम. सुश्रुताचं वर्णन वाचून त्यांना हृदयविकाराच्या ताज्या पाठ्यपुस्तकाची आठवण झाली. रक्तातून फिरणारा बिघडलेला स्नेह, अडलेले मार्ग, अकाली मृत्यू. धमनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल साचतं, मार्ग अरुंद होतो, हृदयाचा वा मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो, हे तोवर वैद्यकाने मान्य केलं होतं.

हे वाचन बरोबर होतं का? काटेकोरपणे पाहिलं तर नाही. मेद म्हणजे कोलेस्टेरॉल नव्हे आणि स्रोतस म्हणजे हृदयाची धमनी नव्हे. दोन शास्त्रांचे शब्द असे एकास एक जुळत नाहीत. भाषांतर करणाऱ्या कोणालाही हे पटेल. पण सत्यवतींनी ‘सुश्रुताला कोलेस्टेरॉल माहीत होतं’ असा दावा करून थांबण्याचा सोपा मार्ग घेतला नाही. त्यांनी साम्यावरून एक तपासता येण्याजोगा प्रश्न काढला. जुन्या ग्रंथांचं याहून चांगलं वाचन मला सुचत नाही.

तपासणीची रीत त्यांनी रशियाकडून घेतली. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत माणसासारखे थर तयार करून दाखवले होते. ससा मुळात पाल्यावर जगणारा, त्याच्या आहारात कोलेस्टेरॉल नसतंच. त्यामुळे ते दिलं की त्याच्या रक्तात ते भराभर चढतं. काशीतल्या सशांना असं स्निग्ध खाणं दिलं गेलं आणि काहींना सोबत गुग्गुळ. गुग्गुळ मिळालेल्या सशांचं कोलेस्टेरॉल कमी राहिलं, वजन आटोक्यात राहिलं, धमन्यांतली खराबी कमी दिसली. सी. द्वारकानाथ आणि एस. एन. त्रिपाठी यांच्यासह सत्यवतींनी हे काम १९६९ मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये छापलं.

इथून पुढचा प्रश्न रसायनाचा होता आणि तो पुण्यात सुटला. गुग्गुळ म्हणजे राळ, डिंक, सुगंधी तेलं, स्टेरॉइडं अशा कितीतरी पदार्थांचा चिकट गोळा. त्यातलं नेमकं काय काम करतं? पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव हे सेंद्रिय रसायनातलं मोठं नाव होतं. त्यांनी ‘आयुर्वेदिक कच्च्या औषधांचं रसायन’ अशी एक शोधमालाच काढली आणि तिचा पहिला विषय निवडला गुग्गुळ. व्ही. डी. पाटील, यू. आर. नायक आणि सुखदेव यांचा १९७२ चा लेख टेट्राहेड्रॉन या नियतकालिकात आला. त्यात गुग्गुळातून वेगळी केलेली स्टेरॉइडं होती, आणि त्यांतली दोन जुळी संयुगं पुढे प्रसिद्ध झाली: गुग्गुलस्टेरोन, झेड आणि ई. दोघांत अणू तेच, फक्त एका दुहेरी बंधाभोवतीची त्यांची मांडणी वेगळी.

गंमत अशी की गुग्गुलस्टेरोनचा सांगाडा कोलेस्टेरॉलसारखाच आहे. चार कड्या एकमेकींना चिकटलेल्या, तीन षट्कोनी आणि एक पंचकोनी. कोलेस्टेरॉलमध्ये २७ कार्बन, यात २१. शरीरातली संप्रेरकंही, कॉर्टिसोल असो वा टेस्टोस्टेरॉन, याच सांगाड्यावर बेतलेली असतात. वाळवंटातल्या एका काटेरी झुडपाच्या चिकात आपल्या संप्रेरकांचा दूरचा भाऊ सापडला. याचा एक परिणाम असा की या संयुगाला शरीरातल्या बऱ्याच कुलपांत थोडं थोडं शिरता येतं. हा त्याचा गुण की दोष, हे ठरायला अजून तीस वर्षं लागायची होती.

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत एस. नित्यानंद आणि एन. के. कपूर यांनी सत्तरच्या दशकात हे काम पुढे नेलं. कच्च्या गुग्गुळाने पोट बिघडतं, अंगावर पुरळ उठतं, हे वैद्यांना ठाऊक होतं. म्हणून आयुर्वेदात तो त्रिफळ्याच्या काढ्यात शिजवून शुद्ध करतात. लखनौने दुसरा रस्ता धरला. इथाइल ॲसिटेट या द्रावकात गुग्गुळाचा जो भाग विरघळतो तोच घ्यायचा आणि उरलेला टाकून द्यायचा. या अर्काचं नाव ठेवलं गुगुलिपिड. आणि दर खेपेचा अर्क सारखा निघावा म्हणून त्याची मोजपट्टी ठरली ती त्यातलं गुग्गुलस्टेरोनचं प्रमाण.

मग माणसांवरच्या चाचण्या झाल्या, सात शहरांत: मुंबई, बंगळूर, दिल्ली, जयपूर, लखनौ, नागपूर आणि पुन्हा वाराणसी. त्यांचा अहवाल १९८९ मध्ये असोसिएशन ऑफ फिजिशियन्सच्या मासिकात आला. पहिल्या भागात २०५ रुग्णांना आधी आठ आठवडे पथ्य आणि रिकामी गोळी, मग बारा आठवडे रोज तीनदा ५०० मिलिग्रॅम गुगुलिपिड. रुग्णालाही माहीत, डॉक्टरलाही माहीत. सत्तर ते ऐंशी टक्के रुग्णांत लक्षणीय फरक दिसला. कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्क्यांनी आणि ट्रायग्लिसराइडं २२.६ टक्क्यांनी उतरली. दुसऱ्या भागात कोणती गोळी कोणाला हे दोघांपासूनही लपवलं होतं, आणि तुलना होती क्लोफायब्रेट या तेव्हाच्या औषधाशी. तिथे गुगुलिपिडची घट ११ टक्के, क्लोफायब्रेटची १० टक्के.

या आकड्यांपाशी थोडं थांबायला हवं, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीची बीजं यातच आहेत. डोळे उघडे असताना २३.६, झाकल्यावर ११. म्हणजे पहिल्या आकड्यातला मोठा वाटा पथ्याचा, आशेचा, निवडीचा असू शकतो. आणि झाकलेल्या भागात तुलना दुसऱ्या औषधाशी होती, रिकाम्या गोळीशी नव्हती. दोन माणसं सारखीच धावली यावरून दोघंही वेगवान ठरत नाहीत. शिवाय क्लोफायब्रेट हा सोबती काही भरवशाचा नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत १९७८ सालीच दिसलं होतं की ते कोलेस्टेरॉल उतरवतं, काही हृदयविकाराचे झटके टळतात, पण औषध घेणाऱ्यांत एकूण मृत्यू मात्र वाढतात. रक्ततपासणीतला आकडा आणि माणसाचं आयुष्य यांत असं अंतर पडू शकतं, हे डॉक्टरांना त्या चाचणीने शिकवलं.

तरीही परवानगी मिळाली, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला मुंबईच्या सिप्लाने ‘गुगलिप’ नावाने गोळी बाजारात आणली. आयुर्वेदातून निघून, प्रयोगशाळेतून जाऊन, आधुनिक औषध म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आलेली ही गोळी होती. त्या वेळच्या आनंदाची टर उडवू नये. देशी ज्ञान, देशी रसायन, देशी कंपनी अशी साखळी पुरी झाली होती, आणि ती पुरी करणाऱ्यांनी मेहनत केली होती.

फक्त त्याच सुमाराला, सप्टेंबर १९८७ मध्ये, अमेरिकेत लोव्हास्टॅटिनला परवानगी मिळाली. स्टॅटिनांचीही सुरुवात निसर्गातच झाली होती. जपानच्या अकिरा एंडो यांनी सत्तरच्या दशकात एका हिरव्या बुरशीतून पहिलं स्टॅटिन काढलं. स्टॅटिनचं काम सरळ आहे. यकृत स्वतः कोलेस्टेरॉल बनवतं, आणि त्या लांब रांगेतल्या एका महत्त्वाच्या पायरीवर एक विकर बसलेलं असतं. स्टॅटिन त्या विकराची जागा अडवतं. घरचं उत्पादन घटलं की यकृताची पेशी बाहेरून, रक्तातून, कोलेस्टेरॉल उचलू लागते. त्यासाठी ती आपल्या पृष्ठावर एलडीएल पकडणारे ग्राहक, म्हणजे हातच, वाढवते. रक्तातलं एलडीएल खाली येतं. १९९४ मध्ये ४,४४४ स्कँडिनेव्हियन रुग्णांवरच्या चाचणीत सिम्व्हास्टॅटिनने नुसता आकडा उतरवला नाही, मृत्यू ३० टक्क्यांनी कमी केले. पुढच्या दहा वर्षांत गुगलिप डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून जवळजवळ दिसेनासं झालं.

तरी गुग्गुळ नेमकं काय करतो, हे कोडं संशोधकांना सोडवायचंच होतं. पहिलं उत्तर काशीहूनच आलं. १९८४ मध्ये विश्वविद्यालयातल्या वाय. बी. त्रिपाठी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की झेड-गुग्गुलस्टेरोन उंदरांच्या अवटू ग्रंथीला, थायरॉइडला, चालना देतं. हे पटण्यासारखं होतं, कारण थायरॉइड मंदावलेल्या माणसाचं कोलेस्टेरॉल चढतं हे कोणताही डॉक्टर सांगेल. दुसरं उत्तर १९९० मध्ये लखनौहून आलं: गुग्गुलस्टेरोन दिलेल्या उंदरांच्या यकृतात एलडीएल पकडणारे ग्राहक जास्त काम करतात. म्हणजे स्टॅटिनसारखाच शेवट, वाट मात्र वेगळी.

तिसरं उत्तर आलं तेव्हा जगभर बातमी झाली. ते समजून घ्यायला पित्ताकडे जावं लागतं. शरीराला कोलेस्टेरॉल जाळता येत नाही. साखर किंवा चरबी जळते तसं ते जळत नाही. ते बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग एकच. यकृत त्याचं पित्ताम्लात रूपांतर करतं आणि पित्तावाटे आतड्यात सोडतं. पण यकृत काटकसरी आहे. आतड्यात गेलेल्या पित्ताम्लातलं सुमारे ९५ टक्के परत शोषून घेऊन ते पुन्हा वापरतं. रोज जेमतेम अर्धा ग्रॅम नवं बनवावं लागतं. ‘पित्ताम्ल पुरेसं आहे, आता नवं नको’ हे ओळखायला यकृताच्या पेशीत एक पहारेकरी असतो. त्याचं नाव एफएक्सआर. पित्ताम्ल त्याला चिकटलं की तो पेशीच्या केंद्रकात निरोप देतो आणि कोलेस्टेरॉलचं पित्ताम्ल करणारं विकर बंद पाडतो.

आता या पहारेकऱ्याचे डोळे बांधले तर? त्याला पित्ताम्ल दिसणार नाही, यकृत नवं बनवत राहील आणि त्यासाठी कोलेस्टेरॉल खर्च होत राहील. मे २००२ मध्ये सायन्समध्ये ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या नॅन्सी उरिझार, डेव्हिड मूर आणि सहकाऱ्यांचा लेख आला, की गुग्गुलस्टेरोन नेमकं हेच करतं. प्रयोग देखणा होता. कोलेस्टेरॉल खाऊ घातलेल्या साध्या उंदरांच्या यकृतातलं कोलेस्टेरॉल गुग्गुलस्टेरोनने उतरलं. ज्या उंदरांत जन्मतःच एफएक्सआर नव्हता त्यांच्यात काहीच झालं नाही. पहारेकरीच नसेल तर डोळे कोणाचे बांधणार?

सुश्रुताचा मेदोरोग, काशीचे ससे, पुण्याचं रसायन आणि ह्यूस्टनचा उंदीर एका ओळीत आल्यासारखे वाटले. अमेरिकेतल्या आरोग्यदुकानांत गुग्गुळाच्या कुप्या आधीपासूनच होत्या. आता त्यांना शास्त्राचा आधार मिळाला.

सव्वा वर्षाने, ऑगस्ट २००३ मध्ये, फिलाडेल्फियाहून फिलिप झापारी आणि सहकाऱ्यांची चाचणी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आली. कोलेस्टेरॉल वाढलेली, एरवी निरोगी अशी १०३ माणसं, आठ आठवडे. एका गटाला दिवसातून तीनदा १,००० मिलिग्रॅम गुग्गुळाचा प्रमाणित अर्क, दुसऱ्याला २,०००, तिसऱ्याला रिकामी गोळी. रिकाम्या गोळीवर एलडीएल ५ टक्क्यांनी उतरलं. गुग्गुळाच्या गटांत ते ४ आणि ५ टक्क्यांनी चढलं. गुग्गुळ घेणाऱ्या सहा जणांना अंगावर पुरळ उठलं, ज्याचा उल्लेख आपल्या वैद्यांनी केव्हाच करून ठेवला होता.

म्हणजे औषध कसं चालतं हे जगाने आधी मान्य केलं आणि ते चालतच नाही असं नंतर दिसलं. याचा अर्थ ह्यूस्टनचा प्रयोग खोटा होता असा नाही. उंदराच्या यकृतात जे झालं ते झालंच. पण उंदीर आपलं बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये वाहतो, आपण एलडीएलमध्ये. यकृतात साठलेलं आणि रक्तात फिरणारं कोलेस्टेरॉल हेही एकच नव्हे. आणि गुग्गुलस्टेरोन एका पहारेकऱ्यावर थांबत नाही. २००५ पर्यंत स्पष्ट झालं होतं की ते शरीरातल्या अनेक स्टेरॉइड-ग्राहकांना चिकटतं, काहींना जागं करतं, काहींना अडवतं. त्यांतला पीएक्सआर नावाचा ग्राहक जागा झाला की यकृत इतर औषधंही भराभर मोडून टाकू लागतं. प्रॉप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम या रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्यांची रक्तातली पातळी गुगुलिपिडमुळे घटते, हे तर १९९४ मध्येच नोंदलं गेलं होतं. जी किल्ली सगळ्या कुलपांत थोडी थोडी शिरते, तिने एकच दार उघडेल असं धरून चालता येत नाही.

फिलाडेल्फियाच्या निकालावर भारतातून आक्षेप आले. तिथला आहार वेगळा, माणसं वेगळी, मुदत थोडी. आक्षेप अगदीच पोकळ नव्हते. मुरादाबादच्या ६१ रुग्णांवरच्या एका चाचणीत, रिकाम्या गोळीशी तुलना करूनही, गुग्गुळाने फरक दाखवला होता. तिथे सोबत फळं-भाज्यांचा आहार होता. पण नॉर्वेत २००९ मध्ये बारा आठवड्यांची चाचणी झाली तेव्हा एकूण कोलेस्टेरॉल किंचित उतरलं, एलडीएल हललं नाही, आणि ज्याला आपण चांगलं म्हणतो ते एचडीएलही उतरलं. माझ्या मते वाद इथे बऱ्यापैकी मिटतो. कोलेस्टेरॉलवर स्टॅटिनऐवजी घेण्याची गोळी म्हणून गुग्गुळाची बाजू उभी राहत नाही.

मात्र सुश्रुताच्या त्या यादीकडे परत गेलं की दुसरंच काही दिसतं. ग्रंथाने गुग्गुळ एकटा दिलाच नव्हता. सातू, मूग, कोद्रा, सावे, व्यायाम, बस्ती यांच्या रांगेतला तो एक होता; आजच्या आहारतज्ज्ञाने यातलं धान्य आणि व्यायाम तसाच्या तसा लिहून दिला असता. लखनौने यादीतला एक पदार्थ उचलला, पुण्याने त्यातलं एक संयुग, ह्यूस्टनने त्या संयुगाचा एक ग्राहक. प्रत्येक पायरीवर प्रश्न अधिक नेमका होत गेला आणि माणूस अधिक लहान. विज्ञानाची रीत हीच आहे, आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. पण शेवटच्या पायरीवरचं उत्तर पहिल्या पायरीवरच्या प्रश्नाला लागू पडतं की नाही, हे परत वर चढून पाहावं लागतं. ते चढणं फिलाडेल्फियाने केलं. आपण ते सात शहरांत करू शकलो असतो.

आणखी एक बारीक गोष्ट. सुश्रुत चिकित्सास्थानात, वातव्याधींच्या प्रकरणात, गुग्गुळाचे गुण सांगताना दोन गुग्गुळांत फरक करतो. नवा गुग्गुळ अंगाला भरतो, पोसतो. जुना गुग्गुळ खरवडतो, कृश करतो. मेद उतरवायचा असेल तर डिंक जुना हवा. भावप्रकाशात आणखी पुढे जाऊन रंगावरून पाच जाती दिल्या आहेत. त्यांतल्या काही हत्तींसाठी, काही घोड्यांसाठी आणि सोन्याच्या रंगाची माणसासाठी. आधुनिक अर्काचं प्रमाणीकरण गुग्गुलस्टेरोनच्या टक्क्यावर होतं. डिंक किती वर्षांचा, हा रकाना त्यात नाही. जुन्या डिंकाने निकाल वेगळा लागला असता असं यावरून सिद्ध होत नाही. जो ग्रंथ आधार म्हणून घेतला त्याची अट मात्र वाटेत गळाली. सांधेदुखीसाठी आमच्या घरात योगराज गुग्गुळ पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याच्या डबीवर किती गोळ्या घ्यायच्या ते असतं, डिंकाचं वय कधी वाचलेलं आठवत नाही.

आणि आता जुना डिंक मागायचा तरी कोणाकडे? गुग्गुळाचं झुडूप कच्छ, राजस्थान आणि पलीकडे सिंधच्या कोरड्या पट्ट्यात वाढतं. कोणी पाणी न घालता, शेळ्यांच्या तोंडून वाचत, ते अगदी सावकाश मोठं होतं. डिंक देण्याजोगं व्हायला त्याला आठ-दहा वर्षं लागतात. पूर्वीचे गोळा करणारे थंडीत बारीक चिरा देत आणि झुडपाला सावरायला वेळ देत. मागणी वाढली तशा चिरा खोल गेल्या, चिरेत डिंक जास्त वाहावा म्हणून रसायनं भरली जाऊ लागली. डिंक भरपूर येतो, आणि झुडूप वाळून जातं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत गुग्गुळ आज अतिसंकटग्रस्त आहे, नामशेष होण्याच्या अलीकडची शेवटची पायरी. भारतातल्या बाजाराला बराच माल सीमेपलीकडून आणावा लागतो, आणि मिळतो त्यात दुसऱ्या झाडांचे डिंक मिसळलेले असतात.

कच्छमध्ये आणि राजस्थानात वन खात्याने आणि औषधी वनस्पती मंडळाने लागवडी सुरू केल्या आहेत. फाटे कापून लावले तर ते रुजतात. त्यांतला पहिला डिंक यायला आठ-दहा वर्षं, आणि तो जुना व्हायला त्यानंतर आणखी काही.